जॉर्ज लोइस : चित्रातून विचार करणारा जाहिरातकार

१९६८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ‘एस्क्वायर’ मासिकाच्या मुखपृष्ठावर मुहम्मद अली झळकला. पांढरी चड्डी, पांढरे बूट, हात पाठीशी, वेदनेने मागे टाकलेली मान आणि उघड्या अंगात रुतलेले सहा बाण. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलं गेलं होतं आणि न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती. (ती सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये रद्द केली.) युरोपातल्या जुन्या चित्रांत संत सेबॅस्टियन असाच बाणांनी विद्ध झालेला दिसतो. मुसलमान झालेल्या अलीला ख्रिस्ती हुतात्म्याची ही ठेवण पटेना. मग त्याचे धर्मगुरू एलिजा मुहम्मद यांना फोन लावला गेला आणि त्यांच्या संमतीनंतर छायाचित्र निघालं. त्यातही अडचण आलीच. अंगाला चिकटवलेले बाण वजनाने खाली झुकत होते, म्हणून ते मासेमारीच्या तंगुसाने वरून टांगून धरले गेले.

छायाचित्र काढलं कार्ल फिशर यांनी. कल्पना होती जॉर्ज लोइस यांची, आणि लोइस काही त्या मासिकाचे नोकर नव्हते. ते न्यूयॉर्कमध्ये स्वतःची जाहिरातसंस्था चालवत होते.

लोइस यांचा जन्म १९३१ चा. आईवडील ग्रीसहून आलेले. ब्रॉन्क्स भागात वडिलांचं फुलांचं दुकान. तिथे हातभार लावत मुलगा वाढला आणि प्रॅट इन्स्टिट्यूट या कलाशाळेत दाखल झाला. शिक्षक हर्शेल लेविट यांनी त्याचं काम पाहून त्याला थेट रेबा सोचिस यांच्या डिझाइन स्टुडिओत पाठवलं आणि शिक्षण अर्धवटच राहिलं. पुढे सैन्याच्या सक्तीच्या भरतीत कोरियाला जाऊन आल्यावर त्याला सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीत काम मिळालं. तिथले कलाप्रमुख होते विल्यम गोल्डन. सीबीएसचं डोळ्याचं प्रसिद्ध बोधचिन्ह त्यांच्याच काळातलं, १९५१ चं. अक्षराची जाडी, दोन ओळींमधली जागा, कोरा सोडलेला कागद या गोष्टींकडे किती बारकाईने बघायचं, हे लोइस यांच्या हाताला अशा लोकांच्या सहवासात कळलं.

त्या काळी जाहिरातसंस्थेत चित्रकाराचं स्थान दुय्यम असे. कॉपीरायटर मजकूर लिहून धाडायचा आणि आर्ट विभागाने तो कागदावर नीट मांडून द्यायचा. विल्यम बर्नबाख यांनी ही रीत मोडली. १९४९ मध्ये दोन भागीदारांसह स्थापन केलेल्या डॉइल डेन बर्नबाख या संस्थेत त्यांनी लेखक आणि चित्रकार यांना एका खोलीत, एकाच कल्पनेवर कामाला बसवलं. आज मुंबईतल्या एजन्सीत जे.जे.तून उपयोजित कला शिकून आलेल्या मुलाची कॉपीरायटरशी जोडी लागते, त्या पद्धतीचं मूळ इथे आहे. लोइस १९५९ मध्ये या संस्थेत आले.

तिथला एक प्रसंग ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. ज्यू लोकांच्या सणाला लागणारी बिनखमिराची पातळ रोटी, म्हणजे मात्झो, बनवणाऱ्या कंपनीसाठी त्यांनी पोस्टर केलं होतं. भलीमोठी मात्झो आणि हिब्रू अक्षरांतला छोटासा मथळा, बस्स. कंपनीच्या वृद्ध मालकांना ते रुचेना. लोइस यांच्या सांगण्यानुसार, ते खिडकी उघडून बाहेरच्या कठड्यावर गेले आणि ओरडले की, मात्झो तुम्ही बनवा, जाहिराती मला करू द्या! म्हातारबुवांनी घाबरून पोस्टर मंजूर केलं. या कथेला मीठमसाला किती लागला असेल कोण जाणे. पण तिच्यातली जिद्द खरी आहे. कल्पना सुचल्यावर ती मालकाच्या गळी उतरवणं हेही क्रिएटिव्ह प्रमुखाचंच काम, असं लोइस मानत. ले-आउट टेबलावर ठेवून मान खाली घालून उभं राहणाऱ्या चित्रकाराचे दिवस त्यांना संपवायचे होते.

१९६० मध्ये फ्रेड पॅपर्ट आणि जुलियन केनिग यांच्यासोबत त्यांनी स्वतःची संस्था काढली. तिचं नाव पॅपर्ट केनिग लोइस. जाहिरातसंस्थेच्या दारावर आर्ट डायरेक्टरचं नाव झळकणं हीच तेव्हा नवलाई होती. झेरॉक्सच्या नव्या यंत्रासाठी या संस्थेने केलेली टीव्हीवरची जाहिरात पाहण्यासारखी होती. प्रत काढणं किती सोपं आहे, हे सांगायला शब्द खर्चण्याऐवजी तिथे चक्क एक चिंपांझी यंत्राचं बटण दाबून प्रत काढतो. मुद्दा क्षणात पोचला. पण टायपिस्ट मुलींची ऑफिसात थट्टा होऊ लागली आणि ती जाहिरात मागे घ्यावी लागली.

याच सुमारास ‘एस्क्वायर’चे संपादक हॅरल्ड हेज यांनी मुखपृष्ठांसाठी त्यांना बोलावलं. १९६२ ते १९७२ या काळात लोइस यांनी ९२ मुखपृष्ठं केली. जाहिरातीतली शिस्त त्यांनी इथे जशीच्या तशी आणली: एका पानावर एकच विचार, आणि तो वाटेने जाणाऱ्यालाही कळला पाहिजे. १९६३ च्या डिसेंबर अंकावर त्यांनी कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा सॉनी लिस्टन याला सांताक्लॉजची टोपी घातली. नागरी हक्कांच्या चळवळीने देश ढवळून निघाला असताना हा सांता अनेकांना झोंबला, जाहिरातदारही बिथरले. हेज मात्र मागे हटले नाहीत. १९६९ मध्ये अँडी वॉरहॉल हा चित्रकार सुपाच्या डब्यात बुडताना दिसला. संगणक नव्हता. माणूस आणि डबा यांची छायाचित्रं वेगवेगळी काढून, कापून हाताने जुळवलेली होती.

दूरचित्रवाणीच्या पुढच्या पर्वातही लोइस यांची पकड सुटली नाही. १९८२ च्या सुमारास केबलवाले एमटीव्ही ही नवी संगीतवाहिनी दाखवायला तयार नव्हते. तेव्हा त्यांच्या मोहिमेत मिक जॅगरसारख्या गायकांनी पडद्यावरून प्रेक्षकांना सांगितलं की, केबलवाल्याला फोन करा आणि वाहिनी मागा. फोनांचा पाऊस पडला आणि केबलवाल्यांना वाहिनी घ्यावी लागली. डेल पॉन हे या मोहिमेतले त्यांचे भागीदार.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २००८ मध्ये ‘एस्क्वायर’च्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन भरवलं. लोइस १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी वारले. त्यांच्या हयातीतच श्रेयाचा वाद उघडपणे झाला होता. आपल्या कल्पना लोइस स्वतःच्या नावावर सांगतात, अशी केनिग यांची तक्रार होती. फिशर यांनाही असंच वाटत असे. लोइस यांची नजर आणि धडाडी यांना त्यामुळे बाध येत नाही. मात्र जाहिरात जोडीने आणि चमूने घडते, प्रसिद्धी बहुतेकदा मोठ्याने बोलणाऱ्याच्या वाट्याला येते. उपयोजित कलेच्या वर्गात ही मुखपृष्ठं दाखवताना ती धीटपणे छापणारे हेज आणि कॅमेऱ्यामागचे फिशर यांची नावं विद्यार्थ्यांना सांगायलाच हवीत, आणि जाहिराती दाखवताना केनिग यांचंही.