विश्लेषण : सगळे कळते, पण शब्द सापडत नाही... अफेझियात ‘स्पीच थेरपी’ किती उपयोगी?

पक्षाघाताचा झटका आलेला रुग्ण पुन्हा चालू लागला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मात्र अनेक घरांत त्यानंतर वेगळीच अडचण समोर येते. रुग्णाला पाणी हवे असते, तोंडून ‘चहा’ निघते. समोर उभ्या असलेल्या नातवाला तो ओळखतो, पण त्याचे नाव काही जिभेवर येत नाही. मग ‘यांना आता काही कळत नाही’ असे घरातच ठरवून टाकले जाते आणि उपचार मागे पडतात. या स्थितीला अफेझिया, मराठीत वाचाघात, म्हणतात.

अफेझिया म्हणजे नेमके काय?

मेंदूतील भाषेचे काम सांभाळणाऱ्या भागांना इजा झाली की अफेझिया होतो. बोलणे, ऐकलेले समजणे, वाचणे आणि लिहिणे या चारही गोष्टींवर त्याचा कमी-अधिक परिणाम होतो. बहुतेकांच्या मेंदूत हे भाग डाव्या बाजूला असतात. शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रणही मेंदूच्या डाव्या बाजूकडे असते. त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडणे आणि बोलणे जाणे, हे अनेकदा एकत्र दिसते.

पक्षाघात हे याचे सर्वात मोठे कारण. झटका आलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश रुग्णांना सुरुवातीला अफेझिया होतो. अपघातात डोक्याला मार लागणे, मेंदूतील गाठ किंवा संसर्ग ही इतर कारणे. काही जणांत तो मेंदूच्या ऱ्हासामुळे हळूहळू वाढत जातो. हॉलीवूड अभिनेते ब्रूस विलिस यांना अफेझिया असल्याचे कुटुंबीयांनी मार्च २०२२ मध्ये जाहीर केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना ‘फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया’ असल्याचे निदान समोर आले.

जीभ जड होण्यापेक्षा हे वेगळे कसे?

झटक्यानंतर जीभ, ओठ, घसा यांचे स्नायू कमजोर झाले की उच्चार अस्पष्ट होतात. त्याला ‘डिसार्थ्रिया’ म्हणतात. अशा रुग्णाला शब्द आठवतात आणि हात चालत असेल तर तो लिहूनही दाखवू शकतो. अफेझियात मात्र शब्द शोधण्याची आणि वाक्य जुळवण्याची प्रक्रियाच बिघडते. म्हणून ‘बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा’ असे म्हणत हातात कागद-पेन दिले तरी बऱ्याचदा उपयोग होत नाही. दोन्ही अडचणी एकाच रुग्णात असू शकतात.

सगळ्यांचा अफेझिया सारखाच असतो का?

नाही. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिसमधील एका रुग्णाची नोंद केली. तो जवळपास एकच अक्षरसमूह बोलू शके : ‘टॅन’. त्याला समोरच्याचे बरेचसे बोलणे कळत होते. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. या प्रकारात बोलणे तुटक होते : ‘उद्या... दवाखाना... मुलगा’. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार मांडला. त्यात रुग्ण भरभर बोलतो, पण त्यातून अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट कळत नाही. इजा मोठी असेल तर बोलणे आणि समजणे दोन्ही जाते. सौम्य प्रकारात केवळ नेमका शब्द अडतो.

घरच्यांना बुचकळ्यात टाकणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पाठ असलेले बोलणे. मुलाचे नाव न सांगू शकणारी व्यक्ती आकडे, वार किंवा आरती सलग म्हणू शकते. त्यात सोंग नसते. सवयीचे बोलणे आणि विचार करून नवे वाक्य तयार करणे यांसाठी मेंदू वेगवेगळ्या वाटा वापरतो.

बुद्धीवर परिणाम होतो का?

झटक्यामुळे काहींच्या स्मरणशक्तीवर किंवा एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो, पण बोलता न येणे हा बुद्धी गेल्याचा पुरावा नव्हे. स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० मध्ये पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे जवळपास गेले. त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह प्रसिद्ध झाले, डाव्या हाताने ते पियानो वाजवत राहिले. २०११ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले.

स्पीच थेरपीत काय करतात?

आधी काय शाबूत आहे आणि काय अडते याची तपासणी होते. त्यानुसार सराव ठरतो. ‘आंबा’ हा शब्द अडला तर तो कोणता प्रकार, कधी मिळतो, आत काय असते, असे विचारत शब्दापर्यंत पोहोचायला शिकवतात. काहींना चाल लावून, हाताने ठेका धरत ‘पाणी द्या’सारखी वाक्ये म्हणायला लावतात. ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. चित्रांची वही, खुणा, मोबाइलवरील फोटो यांचाही वापर शिकवला जातो. घरी मराठी आणि कामावर हिंदी बोलणाऱ्याच्या दोन्ही भाषा सारख्याच वेगाने परततील असे नाही. त्यामुळे रुग्णाच्या सगळ्या भाषा थेरपिस्टला सांगायला हव्यात.

उशीर झाला तरी फायदा होतो का?

सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणून प्रकृती स्थिर होताच थेरपी सुरू करणे चांगले. पण सहा महिन्यांनंतर दार बंद होते, हा समज चुकीचा आहे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील अभ्यासात, झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेले १५६ रुग्ण होते. किमान तीन आठवडे, आठवड्याला १० तास किंवा अधिक थेरपी घेतल्यावर त्यांचा रोजचा संवाद सुधारला. त्याआधी २०१६ मध्ये ‘कोक्रेन’ने ५७ चाचण्यांचा आढावा घेतला होता. त्यातही थेरपीचा लाभ दिसून आला. सगळ्यांचे बोलणे पूर्ववत होत नाही. मात्र भूक, दुखणे, नकार स्वतः सांगता येणे हाही मोठा पल्ला असतो.

घरच्यांनी काय करावे?

टीव्ही बंद करून, समोर बसून, छोट्या वाक्यांत बोलावे. आवाज चढवू नये, कारण अडचण कानांची नाही. ‘बाबा, काय हवे?’ असे विचारण्याऐवजी दोन्ही वस्तू दाखवून ‘चहा की दूध?’ असे विचारावे. उत्तरासाठी थांबावे, वाक्य घाईने पूर्ण करू नये. ‘हो’ आणि ‘नाही’ची अदलाबदल होऊ शकते, म्हणून महत्त्वाचे उत्तर खुणेने पुन्हा तपासावे. पाहुण्यांसमोर ‘यांना काही समजत नाही’ असे म्हणणे टाळावे. घराचे, पैशांचे निर्णय त्यांना विचारूनच घ्यावेत.

मदत कुठे मिळते?

स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे पाहावे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालय, तसेच म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था येथे या विषयाचे प्रशिक्षण आणि उपचार होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाच्या व्याख्येत अफेझियाचा स्पष्ट उल्लेख आहे. बोलण्यातील दोष कायमस्वरूपी असल्याचे तपासणीत ठरले, तर दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ कार्डासाठी अर्ज करता येतो. हात-पाय पूर्ण बरे झालेल्या रुग्णालाही हा अर्ज करता येतो.