पिस्तुलाची साइट बदलताना

- भाग : नळीच्या टोकाकडची माशी (फ्रंट साइट) आणि मागची खाच (रिअर साइट). दोन्हींमधले अंतर म्हणजे साइट रेडियस. ते जितके जास्त, तितकी नेमातली चूक कमी.
- प्रकार : साधी काळी साइट, फायबर ऑप्टिक, ट्रिटियम, रेड डॉट. फायबरला बाहेरचा उजेड लागतो. ट्रिटियम स्वतः उजळते, अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षे. रेड डॉटला बॅटरी लागते.
- निवड : बसवण्याची खाच (डव्हटेल) मॉडेलनुसार बदलते. मापे जुळणे आवश्यक.
- बसवणे : आधी मॅगझिन काढून चेंबर रिकामे असल्याची खात्री. काम साइट पुशरने, प्रशिक्षित आर्मररकडून.
- जुळवणी : गोळी जिकडे न्यायची, तिकडे मागची साइट सरकवा; माशी उलट दिशेला.
- हिशेब : चूक × साइट रेडियस ÷ अंतर. 10 मीटरवर 10 मिमी चूक आणि 160 मिमी रेडियस असल्यास सरकवणे 0.16 मिमी.
- स्पर्धा : ऑलिम्पिक पिस्तूल प्रकारांत फक्त उघडी साइट (माशी आणि खाच) चालते. त्यांपैकी 25 मीटर पिस्तूलमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले.
- कायदा : भारतात शस्त्र कायदा, 1959 लागू. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा आहे.