कंपायलरचे विरजण

मुंबई विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी शिकवला जाणारा 'सिस्टम प्रोग्रामिंग अँड कंपायलर कन्स्ट्रक्शन' हा विषय विद्यार्थ्यांच्या बोलण्यात नुसता 'एसपीसीसी' असतो, आणि त्याच्या प्रात्यक्षिकांत लिहून घेतले जाते ते बहुधा दोन-चार पानांचे, शिकण्यापुरते नमुने असतात. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्राम, म्हणजेच सोर्स कोड, यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत उतरवणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात, ही व्याख्या परीक्षेपुरती पुरते. परंतु कंपायलर हा स्वतःही प्रोग्रामच असल्यामुळे त्यालाही कोणीतरी कंपाइल करावे लागते, हा त्या व्याख्येच्या पोटातला पेच खरा वापरातला कंपायलर सोर्सपासून घडवायला घेतल्याशिवाय नीट उमगत नाही.

दक्षिण मुंबईत एकेकाळी हा पेच नव्हता, कारण कंपायलरच नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये पूर्ण रूपात सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि प्रत्येकी ४० बिटांचे १,०२४ 'शब्द' ठेवण्याएवढी त्याची प्रारंभीची स्मृती आजच्या मापाने जेमतेम पाच किलोबाइट भरते, म्हणजे प्रस्तुत देवनागरी लेख निम्मासुद्धा तिच्यात मावला नसता. त्यावर काम करणाऱ्याला आज्ञा थेट यंत्रभाषेत, शून्य-एकांच्या मालिकेत मांडाव्या लागत. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला आणि त्याबरोबर फोर्ट्रान भाषेचा कंपायलरही आला. ही सोय फार मोठी होती. मात्र कंपायलर ही यंत्राबरोबर येणारी, दुसऱ्या कोणीतरी केलेली वस्तू असते, अशी समजूतही अशाच सोयींतून रुजत गेली असावी.

ती समजूत मोडणारे साधन १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जगापुढे ठेवले. 'जीसीसी' या नावाने ओळखला जाणारा त्यांचा कंपायलर सोर्स कोडसह मिळत असे, आणि तो वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची मुभा परवान्यातच दिलेली होती. आज लालबागच्या चाळीत राहणाऱ्या आणि लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला साधा लॅपटॉप बाळगणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो कोड फुकट उतरवून घेता येतो, आणि काही तास यंत्र तापू देण्याची तयारी असेल तर त्यातून स्वतःचा कंपायलर घडवताही येतो. त्यासाठी लागतो तो आधीचा एक कंपायलर.

या ठिकाणी मराठी वाचकाला विरजणाची आठवण होणे साहजिक आहे. दूध कितीही चांगले असले तरी कालच्या दह्याचा चमचा पडल्याशिवाय आजचे दही लागत नाही, आणि कालचे विरजण आंबट असेल तर आजच्या दह्यालाही ती चव येण्याची धास्ती असते. जीसीसीची घडण करणाऱ्यांनी यावर जो उपाय योजला आहे तो घरोघरी कळण्याजोगा आहे. यंत्रावर आधीच असलेल्या जुन्या कंपायलरने नवा सोर्स कंपाइल केला की पहिल्या टप्प्याचा कंपायलर मिळतो. त्याने तोच सोर्स पुन्हा कंपाइल केला की दुसऱ्या टप्प्याचा, आणि त्या दुसऱ्याने पुन्हा तोच सोर्स कंपाइल केला की तिसऱ्या टप्प्याचा. पहिल्याचे यंत्रसंकेत जुन्या कंपायलरच्या हातचे असल्यामुळे ते वेगळे दिसू शकतात. परंतु पहिला आणि दुसरा हे दोघेही एकाच सोर्सबरहुकूम वागणारे असल्यामुळे त्यांनी तयार केलेले दुसरे आणि तिसरे फळ मात्र हुबेहूब जुळले पाहिजे. म्हणून अखेरीस दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याच्या फाइली बाइटला बाइट लावून ताडल्या जातात, आणि काही प्रकारच्या फाइलींच्या आरंभी तयार झाल्याची वेळ नोंदलेली असते म्हणून पहिले सोळा बाइट तेवढे सोडून देण्याची व्यवहारी सवलतही त्या पद्धतीत आहे. ताळा जुळला नाही तर घडण तेथेच थांबते, कारण नवा कंपायलर स्वतःचेच भाषांतर चुकवतो आहे किंवा यंत्राच्याच स्मृतीत काही बिघाड आहे, यांपैकी एक शंका घ्यावीच लागते.

जुळलेला ताळाही पूर्ण अभय देत नाही. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की कंपायलरमध्ये एखादी लबाडी एकदा पेरून सोर्समधून तिची खूण पुसून टाकली, तरी ती विरजणातून पुढच्या प्रत्येक पिढीत उतरत राहू शकते, आणि सोर्स कितीही वाचला तरी ती सापडत नाही. डेव्हिड व्हीलर यांनी पुढे यावर सुचवलेला तोडगा असा, की अगदी वेगळ्या घरच्या कंपायलरपासून आरंभ करूनही तीच प्रक्रिया करावी आणि दोन्हींच्या शेवटी एकच फळ मिळते का ते पाहावे.

घडण पूर्ण झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. जीसीसीसोबत हजारो छोटे प्रोग्राम दिलेले असतात, आणि 'मेक चेक' ही आज्ञा दिली की ते एकामागून एक नव्या कंपायलरपुढे ठेवले जातात. त्यांतल्या एका संचाचे नावच 'टॉर्चर' म्हणजे छळ असे आहे, आणि त्यातील प्रोग्राम सुधारणांच्या, म्हणजे ऑप्टिमायझेशनच्या, निरनिराळ्या पातळ्यांवर पुन्हा पुन्हा कंपाइल केले जातात. पुष्कळ चाचण्यांच्या नावांत एखाद्या जुन्या तक्रारीचा क्रमांक असतो, म्हणजे कधीकाळी कोणाच्या तरी प्रोग्रामवर झालेली चूक पुन्हा होऊ नये म्हणून ती कायमची पहाऱ्यावर उभी केलेली असते. नवशिक्याला गोंधळात टाकणारी गोष्ट ही की निकालपत्रक सर्वस्वी निष्कलंक क्वचितच असते. 'अपेक्षित अपयश' असा एक अधिकृत शेराच तेथे आहे, आणि अपेक्षित असूनही न झालेल्या अपयशाचीही निराळी नोंद होते. त्यामुळे जाणकार माणूस नापासांची संख्या शून्य आहे का हे न पाहता, आपण केलेल्या बदलाआधीचा आणि नंतरचा निकाल शेजारी ठेवून नवे नापास कोणते, एवढेच बघतो.

सोर्स खुला असणे आणि तो कळणे यांतले अंतर मात्र परवाना मिटवू शकत नाही. जीसीसीचा सोर्स लक्षावधी ओळींचा आहे. पवईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या साहाय्याने उभे राहिलेले 'जीसीसी रिसोर्स सेंटर' आणि प्रा. उदय खेडकर यांनी त्याद्वारे घेतलेल्या कार्यशाळा यांचे महत्त्व नेमके येथे आहे. कंपायलरला बंद पेटी मानून केवळ आत काय घातले आणि बाहेर काय आले ते पाहणे अपुरे, आणि ओळ न् ओळ वाचणे अशक्यप्राय, म्हणून त्यांनी मधली, करड्या पेटीची वाट शिकवली: एखादा चिमुकला प्रोग्राम द्यायचा आणि प्रत्येक टप्प्यानंतर त्याचे रूप कसे पालटले ते कंपायलरकडूनच लिहवून घेऊन वाचायचे. भाव, नग आणि सूट यांचा एका ओळीतला हिशेब 'जिंपल' नावाच्या मधल्या रूपात कसा एकेका लहान पायरीत फोडला जातो हे अशा रीतीने डोळ्यांनी पाहिले, की पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांना प्रथमच अर्थ येतो.

आयआयटीतील कंपायलरच्या अभ्यासाची ही परंपरा खेडकरांच्या आधीची आहे. सिस्टम प्रोग्रामिंगवरील पाठ्यपुस्तकामुळे मुंबईच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले प्रा. धनंजय ढमढेरे यांचे संशोधन 'अंशतः अनावश्यक' हिशेब टाळण्याच्या प्रश्नावर आहे. समजा, दादरच्या पुलावर पश्चिम आणि मध्य रेल्वेचे प्रवासी एकत्र येतात आणि तेथे सर्वांची तिकिटे तपासली जातात, पण पश्चिमेकडून आलेल्यांची ती फलाटावरच तपासून झालेली आहेत. अशा वेळी मध्य रेल्वेच्या फलाटावर एक तपासनीस उभा करावा आणि पुलावरचा उठवावा, म्हणजे कोणाचीही तपासणी दोनदा होत नाही. प्रोग्रामच्या वाटा जेथे मिळतात तेथे हेच साधण्याची एक रीत एतिएन मोरेल आणि क्लोद रँव्हॉइझ यांनी १९७९ मध्ये मांडली होती, आणि तिच्यातील अडचणी दूर करून ती व्यवहारात उतरवण्याचे काम ज्यांनी केले त्यांत ढमढेरे येतात. जीसीसीच्या सोर्समध्ये या प्रकारची सुधारणा करणारी 'जीसीएसई' नावाची फाइल आहे आणि तिच्या आरंभीच्या टिपणीत आधारभूत निबंधांची यादी दिलेली आहे, तीत डी. एम. ढमढेरे यांचे १९८८ आणि १९९१ चे निबंध नोंदलेले आहेत. तीन टप्प्यांच्या घडणीत ही फाइल तीनदा कंपाइल होते, आणि टिपण्या माणसांसाठी असल्यामुळे कंपायलर ती यादी तिन्ही वेळा वगळून पुढच्या ओळीवर जातो.