परदेशातले पहिले तीन आठवडे



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक गोष्ट घडली, तिथूनच सुरुवात करतो. बचतीचे पैसे गोळा झाले, वही लिहून झाली, आणि एका ताईंनी मोबाईलवर लेकीचा फोटो दाखवला. देवळाच्या दारात भलामोठा लाल कंदील टांगलेला आणि त्याखाली पोरगी हसत उभी. ती जपानला जाऊन तीनच आठवडे झालेले. गटातल्या एक वयस्कर मावशी पटकन बोलल्या, "गटाचं साठ हजार कर्ज डोक्यावर हाय, आन् ही फिरत बसलीया?" ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मोबाईल पिशवीत टाकला. आम्हीही काही बोललो नाही. खरं सांगायचं तर आमच्याही मनात तेच आलं होतं.

त्या रविवारी ताईंच्या घरी बसून आम्ही पोरीला फोन लावला. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. आपल्याकडे पाच वाजले होते, तिच्याकडे साडेआठ. तासभर बोलणं झालं आणि आमचे डोळे उघडले. आपल्या तालुक्यातल्या आणखी काही मुली याच वाटेला लागल्या आहेत, म्हणून ते सगळं आज तुम्हाला सांगतो.

तिला तिथं काम कसं मिळालं?

जपानमध्ये दर १० माणसांत जवळजवळ ३ जण ६५ वर्षांच्या पुढचे आहेत. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणं, भरवणं, उठवणं-बसवणं यासाठी तिथं हात कमी पडतात. या कामाला तिथं ‘काइगो’ म्हणतात. एप्रिल २०१९ पासून जपानने अशा कामांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबद्दल करार केला. आपल्या पोरीने पुण्यात राहून जपानी भाषा शिकली, भाषेची आणि कामाची परीक्षा दिली, तेव्हा तिला टोकियोशेजारच्या चिबा प्रांतात एका वृद्धाश्रमात काम मिळालं. या व्हिसावर पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण नवरा-मुलांना सोबत नेता येत नाही. हे आधीच घरात बसून बोलून घ्यावं.

जाण्याआधी एक एजंट अडीच लाख मागत होता, वर दहावीचं मूळ प्रमाणपत्रही ठेवून घेणार म्हणत होता. आम्ही सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर त्याची नोंदणी शोधली. सापडली नाही. तिथूनच मागे फिरलो. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट नोंदणीकृतच असावा लागतो, आणि त्याला सेवा शुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. हे आकडे वहीत लिहून ठेवा.

पहिले चौदा दिवस कागदांचे

विमानतळावर उतरल्यावर तिला एक कार्ड मिळालं. त्याला ‘झायर्यू कार्ड’ म्हणतात, म्हणजे त्या देशात राहण्याचं ओळखपत्र. आपल्या आधार कार्डासारखं ते घरात डब्यात ठेवायचं नसतं. घराबाहेर पडताना ते जवळ असलंच पाहिजे, पोलिसांनी मागितलं आणि नसलं तर दंड होऊ शकतो. राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत तिथल्या नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा. मग कार्डाच्या मागे पत्ता छापून मिळतो. त्याशिवाय पुढची कामं अडतात.

कामावर घेणाऱ्या संस्थेने विमानतळावर न्यायला यायचं, घर मिळवायला मदत करायची, कचेरीत सोबत यायचं आणि तिथल्या राहणीची माहिती मुलीला समजेल अशा भाषेत द्यायची, असा तिथला नियम आहे. या मदतीचा खर्च मुलीकडून घेता येत नाही.

"हाय" म्हणजे होय, पण जपून

भाषेची परीक्षा पास झालेली पोरगी पहिल्या दिवशी कामावर गेली आणि तिला काहीच कळेना. वर्गातल्या बाई सावकाश बोलायच्या, इथले आजी-आजोबा आपल्या बोलीत बोलणार. पाळी बदलताना आधीच्या बायका पुढच्यांना भराभर सांगतात की अमक्या आजी जेवल्या नाहीत, तमक्या आजोबांना ताप आहे. जपानीत ‘हाय’ म्हणजे होय. पोरगी भीतीपोटी सगळ्याला ‘हाय, हाय’ करत राहिली. चौथ्या दिवशी एका आजोबांना घट्ट केलेलं पाणी द्यायचं होतं, हिने साधं पाणी आणलं. गिळायला त्रास असलेल्या माणसाला साधं पाणी ठसकतं, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. शेजारच्या बाईंनी पेला वेळेत धरला म्हणून निभावलं.

त्या रात्री तिने दोन वाक्यं पाठ केली. ‘वाकारिमासेन’, म्हणजे कळलं नाही. आणि ‘मो इचिदो ओनेगाइ शिमास’, म्हणजे पुन्हा एकदा सांगा. ती म्हणाली, "मावशी, हे विचारायला लागल्यापासून कोणी रागावलं नाही. न विचारता मान डोलवली तेव्हाच बोलणी खाल्ली."

पैसे आणि पोट

जपानचा पैसा येन. १०० येन म्हणजे आपले साधारण ५५ ते ६० रुपये, दर कमीजास्त होतो. सांगितलेला पगार हातात येत नाही. आरोग्य विमा, पेन्शन, रोजगार विमा, आयकर आणि खोलीचं भाडं कापून उरेल तो आपला. विम्यामुळे दवाखान्यात बिलाचे ३० टक्केच भरावे लागतात, आणि देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर पेन्शनचे काही पैसे परत मिळतात. शिवाय पहिला पगार यायला महिना-सव्वा महिना जातो. आमच्या गटाने ठराव करून तिचे पहिले दोन हप्ते पुढे ढकलले होते, ते बरंच झालं.

खाण्याचं म्हणाल तर भात तिथंही आहे, पण चिकट. शाकाहारी मुलींनी एक लक्षात ठेवावं, साध्या दिसणाऱ्या सारातही बहुतेक वेळा माशांचा अर्क असतो. सुकी चटणी, मसाला न्यावा. ताजी मिरची, कढीपत्ता, कैरी नेऊ नये, विमानतळावर काढून घेतात. टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कसाईला, आपले लोक बरेच राहतात, तिथं डाळ-पीठ मिळतं.

मग ती फिरायला का गेली?

आता त्या फोटोची गोष्ट. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोरगी खोली ते काम, काम ते खोली एवढंच करत होती. सुट्टीच्या दिवशी पांघरूण घेऊन पडायची. आईला फोनवर सांगायची, सगळं छान आहे. पण छान नव्हतं. ती पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यस्थ कचेरीतल्या माणसाने ‘सांभाळून ठेवतो’ म्हणत तिचा पासपोर्ट नेला होता. तिने दिला. नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून झोप नव्हती, आणि आई काळजी करेल म्हणून घरी सांगितलं नव्हतं.

तिच्याबरोबर काम करणारी एक नेपाळी मुलगी आहे, हिंदी बोलते. तिने त्या रविवारी हिला ओढून बाहेर काढलं. आगगाडीने दोघी टोकियोच्या असाकुसाला गेल्या. तो लाल कंदील तिथल्या सेन्सोजी देवळाचा. तिथून चालत जवळच मात्सुचियामा नावाचं देऊळ आहे. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपल्या गणपतीचंच जपानी रूप, आणि त्याला मुळा वाहतात. मोदकाऐवजी मुळा! पोरगी म्हणाली, ते बघून तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले, आणि मग रडू फुटलं. देवळाच्या पायरीवर तिने त्या मैत्रिणीला पासपोर्टचं सांगितलं.

मैत्रिणीने तिथंच एक वाक्य शिकवलं, ‘पासुपोतो ओ काएशिते कुदासाइ’. पासपोर्ट परत द्या. गाडीत येताना दोघींनी ते वीस वेळा म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला बरोबर घेऊन कचेरीत गेली आणि तेच वाक्य म्हणाली. पासपोर्ट मिळाला.

मैत्रिणींनो, आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते. मालकाला, एजंटाला, कोणालाही तो अडकवून ठेवायचा हक्क नाही. देत नसतील तर टोकियोतल्या भारतीय दूतावासाकडे तक्रार करता येते. पण हा कायदा माहीत असून उपयोग काय, ज्याच्याजवळ बोलावं असं एकही माणूस नसेल तर? फिरणं म्हणजे उधळपट्टी असं आपण समजतो. त्या पोरीने त्या दिवशी गाडीभाडं खर्चून वाट शिकली, आगगाडी कशी बदलायची ते शिकली, आणि एक मैत्रीण मिळवली. चार भिंतींत पडून राहिली असती तर पासपोर्ट आजही त्या कपाटात असता.

तुमच्या घरची मुलगी निघाली असेल तर एवढं करा. पासपोर्टच्या आणि करारपत्राच्या दोन प्रती काढा, एक घरी ठेवा. जपानात पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका किंवा आगीसाठी ११९ हे नंबर तिला पाठ करायला लावा. भूकंप झाला की आधी टेबलाखाली जायचं, हे सांगा. पहिल्या महिन्याच्या खर्चाला पैसे बरोबर द्या. आणि फोनवर ‘जेवलीस का, पैसे कधी पाठवतेस’ एवढंच विचारू नका. ‘रविवारी कुठे गेली होतीस, कोणाबरोबर गेली होतीस’ हेही विचारा.

या महिन्याच्या बैठकीत आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग ताईंना म्हणाल्या, "फोटू दाखव गं पुन्हा." ताईंनी दाखवला. पोरगी आता वाकायामा प्रांतातल्या कोयासानला जायला पैसे साठवतेय. तिथल्या विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, तो तिला बघायचा आहे. पगार झाल्यावर तिने गटाचा पहिला हप्ताही पाठवला, आम्ही तो वहीत लिहिला आहे.

पुढच्या वेळी ई-मायग्रेटवर एजंटाची नोंदणी कशी शोधायची ते सांगू. तोवर नमस्कार.