जुन्या ट्रकचा स्वयंचलित गिअरबॉक्स : काही रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या ग्रामीण भागात ज्या वाहनाला सर्रास ट्रक म्हणतात ते आपल्याकडील मालमोटारीहून निराळे असते : पुढे बसण्याची खोली, मागे उघडा हौदा आणि त्याच्याही मागे, आकड्याला जोडलेली, घोड्यांची, नावेची किंवा सहलीच्या घराची गाडी. असा वीस-तीस वर्षांचा जुना पिकअप चढावर ओझे ओढताना एकाएकी अडखळू लागला, इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढेना किंवा गिअर पडताना हिसका बसू लागला, की ‘ट्रान्समिशन गेले’ असा निवाडा बहुधा पहिल्या दिवशीच दिला जातो. आणि त्या निवाड्याची अंमलबजावणी पुष्कळदा गाडीच्या उरलेल्या किमतीहून महाग पडत असल्यामुळे धडधाकट गाड्या भंगारात जातात. माझे म्हणणे एवढेच आहे, की या यंत्राची जबानी घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवणे हा अन्याय आहे, आणि ती जबानी घेण्याचा क्रम नेहमी बाहेरून आत, स्वस्ताकडून महागाकडे असला पाहिजे.

खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट हाताने गिअर बदलीत चढणाऱ्या आपल्या चालकाला क्लचची झीज पायाला आणि गिअरची कुरकुर हाताला कळते. स्वयंचलित रचनेत हा संवाद तुटलेला असतो, म्हणूनच तिच्याविषयी गूढ समजुती फार पसरल्या. वस्तुतः जनरल मोटर्सने १९३९ साली १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी ‘हायड्रा-मॅटिक’ बाजारात आणला, तेव्हापासून तत्त्व फारसे बदललेले नाही. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला जोड असतो : त्या पहिल्या गाड्यांत तो साधा द्रव-जोड (फ्लुइड कपलिंग) होता, पुढे त्याची जागा टॉर्क कन्व्हर्टरने घेतली. पुढे ग्रहमालेसारख्या रचलेल्या दातेरी चक्रांचे संच असतात. आणि त्यांपैकी कोणते चक्र फिरवायचे व कोणते रोखून धरायचे हे क्लचच्या चकत्या व पट्टे तेलाच्या दाबाने ठरवतात. आज जुने म्हणून ज्यांचा विचार होतो ते १९९० च्या दशकातील गिअरबॉक्स याच वंशातले आहेत : जनरल मोटर्सचा ४एल८०-ई हा १९६४ च्या टर्बो-हायड्रामॅटिक ४०० पासून, फोर्डचा ई४ओडी हा १९६६ च्या सी-६ पासून, आणि डॉजचा ४७आरई हा १९६२ च्या टॉर्कफ्लाइट ७२७ पासून उतरला. शक्ती वाहणे, क्लच दाबणे, वंगण पुरवणे आणि उष्णता बाहेर नेणे ही चारही कामे एकट्या तेलाकडे सोपवलेली असल्यामुळे तपासाचा पहिला साक्षीदारही तेलच असतो.

गिअर घसरतो म्हणजे आतील चकत्या जळाल्या, ही सर्वांत प्रचलित समजूत. चकत्या जळलेल्या असू शकतात; परंतु तेलाची पातळी कमी असली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो आणि निरोगी चकत्याही घसरतात. याच्या उलट, पातळी प्रमाणाबाहेर वाढली तर फिरती चक्रे तेल घुसळून त्याचा फेस करतात आणि लक्षण अगदी तेच दिसते. पातळी पाहण्याची रीतही सर्वांची एक नाही. गाडी सपाट जमिनीवर, तेल चालवून तापलेले आणि इंजिन सुरू असले पाहिजे, हे सर्वांना लागू. पण जनरल मोटर्स आणि फोर्डच्या ट्रकमध्ये दांडा ‘पार्क’वर ठेवून डिपस्टिक पाहतात, तर डॉजच्या या जुन्या गिअरबॉक्समध्ये तो ‘न्यूट्रल’वर ठेवावा लागतो, कारण तेथे ‘पार्क’मध्ये टॉर्क कन्व्हर्टरला तेलाचा पुरवठाच होत नाही. हे ठाऊक नसलेला मालक चुकीच्या आकड्यावर विसंबून तेल कमी-जास्त करीत राहतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या डॉजने सकाळी गिअर पडायला विलंब लावला, तर कन्व्हर्टरमधील तेल रात्री खाली उतरले असण्याचा संभव मोठा असतो. इंजिन थोडा वेळ ‘न्यूट्रल’मध्ये चालवून विलंब नाहीसा होतो की काय, एवढे पाहिले म्हणजे निम्मी भीती तेथेच ओसरते.

तेल लाल असले तर सारे ठीक आणि काळवंडले तर सारे संपले, ही दुसरी समजूत. लाल हा केवळ ओळखीसाठी घातलेला रंग असून वापराने तो उतरतो. रंगापेक्षा वासाची साक्ष अधिक विश्वसनीय : करपलेला, नाकाला झोंबणारा वास हा क्लचच्या अस्तराचा दाखला होय. तेल गुलाबी आणि दुधाळ झाले असेल तर रेडिएटरमधील शीतक नळी फुटून कुलंट तेलात मिसळले असे समजावे आणि गाडी त्या क्षणी थांबवावी, कारण ते मिश्रण चकत्यांचे अस्तर सोडवते. गिअरबॉक्सच्या तळाची परात काढल्यावर तिच्यातील चुंबकावर राखाडी, मऊ लेप दिसला तर घाबरण्याचे कारण नाही; तो नित्याच्या झिजेचा असतो. हाताला लागतील असे धातूचे कपचे किंवा पिवळट पितळी चुरा मात्र गंभीर असतो.

‘जुन्या गिअरबॉक्सचे तेल बदलू नये, बदलले की तो मरतो’ हे वाक्य इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने ऐकू येते, की त्यामागचे निरीक्षण नाकारण्यापेक्षा त्याचा उलगडा करणे अधिक योग्य. लोक तेल बदलायला जातात ते बहुधा गिअर घसरू लागल्यावर. तोवर चकत्या संपत आलेल्या असतात, त्या पुढे काही दिवसांत संपतात, आणि दोष अखेरच्या घटनेच्या माथी बसतो. नवे तेल झिजलेल्या चकतीला अस्तर परत देत नाही, तसेच ते निरोगी चकतीला मारतही नाही. मात्र वाटेल ते तेल चालते, ही समजूत खरोखर घातक आहे : डॉजला एटीएफ+४, फोर्डला मेरकॉन, जनरल मोटर्सला डेक्स्रॉन या निरनिराळ्या प्रमाणांची तेले घर्षणाच्या गुणात भिन्न असतात, आणि चुकीच्या तेलाने उत्पन्न झालेली थरथर यंत्राच्या दोषासारखी दिसते.

आता ओझे ओढण्याच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. ‘ठरवून दिलेल्या वजनाच्या मर्यादेत आहे, म्हणजे गिअरबॉक्सला त्रास नाही’ असे मानणारा मालक वजन मोजतो, परंतु उष्णता मोजत नाही. टॉर्क कन्व्हर्टर मोकळा असताना इंजिनाचा जोर सुरुवातीला जवळजवळ दुप्पट करून देतो, पण त्याची किंमत आतल्या घसरणीतून उष्णतेच्या रूपाने वसूल करतो. त्यातील लॉक-अप क्लच बसला की घसरण थांबते आणि उष्णताही. कोलोरॅडोमध्ये आंतरराज्य महामार्ग ७० हा आयझेनहॉवर बोगद्याकडे सहा-सात टक्क्यांच्या चढाने जातो. १९७३ मध्ये खुला झालेला तो बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथील विरळ हवेत साध्या इंजिनाचा जोरही उतरलेला असतो. अशा चढावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, तसाच चालू ठेवला तर गिअर तिसऱ्या-चौथ्यामध्ये हेलपाटे घालतो, लॉक-अप पुनःपुन्हा सुटतो आणि तेल तापते. ओव्हरड्राइव्ह बंद केल्याने पेट्रोल जास्त लागते म्हणून तो चालू ठेवणे हा हिशेब सपाट रस्त्यावर आणि रिकाम्या गाडीला खरा आहे, येथे नाही. साधारण ८० अंश सेल्सिअस हे तेलाचे सुखाचे तापमान. त्यापुढे दर ११ अंशांच्या वाढीला त्याचे आयुष्य निम्मे होते असा या व्यवसायातील जुना ठोकताळा आहे. सुमारे ११५ अंशांपुढे तेल वार्निशसारखा थर धरू लागते, आणि आणखी वर रबरी सील कडक होऊ लागतात. रेडिएटरमधील शीतक नळी तेलाला तेथील कुलंटच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, म्हणून ओझे ओढणाऱ्या ट्रकला पुढे हवेत बसवलेला स्वतंत्र ऑइल कूलर आणि तापमानाचा काटा या दोन्ही वस्तू मला चैनीच्या नव्हे तर आवश्यक वाटतात.

निदानातील सर्वांत सुंदर भाग मात्र पुढेच आहे, आणि त्याची उपेक्षाही सर्वांत अधिक होते. प्रत्येक गिअरला कोणते क्लच आणि कोणते पट्टे लागतात याचा तक्ता उत्पादकाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत छापलेला असतो. कोणते गिअर गेले आणि कोणते शाबूत राहिले याची नोंद त्या तक्त्याशी ताडून पाहिली, की आतील दोष न उघडता बराचसा निश्चित होतो. जनरल मोटर्सच्या १९९३ पासूनच्या ४एल६०-ई मध्ये पहिला आणि तिसरा गिअर मिळतात, परंतु दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकाच वेळी नाहीसे होतात, अशी तक्रार वारंवार येते. चालक सांगतो की गाडी नीट निघते, मग इंजिन मोकळे किंचाळते आणि बऱ्याच वेगावर पुन्हा पकडते. ही तीन गिअरांची एकत्र अनुपस्थिती मध्यवर्ती चक्राला फिरवणाऱ्या पत्र्याच्या कवचाकडे, म्हणजे ‘सन शेल’कडे बोट दाखवते, ते तडकलेले असते किंवा त्याचे दाते उतरलेले असतात. याच यंत्रात पहिला, दुसरा आणि रिव्हर्स शाबूत राहून तिसरा व चौथा गेले, तर कसूर त्या दोन गिअरांना लागणाऱ्या एकाच, ‘३-४’ नावाच्या क्लचचा. दोन्ही वेळा काम आतलेच आहे. पण पहिल्यात एक कवच आणि दुसऱ्यात जळालेल्या चकत्या, त्यांच्या जळण्याचे कारण आणि सर्वत्र पसरलेला चुरा, इतका फरक पडतो.

संगणकावर दोषसंकेत आला म्हणजे त्या नावाचा भाग बदलावा, हीही घाई होय. पी १८७० हा जनरल मोटर्सच्या ट्रकमधील संकेत ‘आत काहीतरी घसरते आहे’ एवढेच सांगतो, आणि पुष्कळदा त्याचे मूळ व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेल वाटून देणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात, कन्व्हर्टर क्लचच्या व्हॉल्व्हने झिजवलेल्या छिद्रात असते. गाडी एकाएकी एकाच गिअरमध्ये अडकून कठोरपणे चालू लागली, तर तो बहुधा बचावाचा बंदोबस्त असतो : विजेचा पुरवठा तुटला की ४एल६०-ई तिसऱ्या आणि ४एल८०-ई दुसऱ्या गिअरवर स्थिरावतो. अशा वेळी फ्यूज, जोडणी आणि गंजलेली अर्थिंगची तार आधी पाहावी. डॉजमध्ये लॉक-अप विनाकारण लागतो-सुटतो, त्याचा दोष थ्रॉटलच्या सेन्सरमध्ये किंवा चक्क अल्टरनेटरच्या खराब डायोडमध्ये सापडल्याची उदाहरणे सर्वश्रुत आहेत.

त्याहून जुन्या, संगणकापूर्वीच्या गाड्यांचे मर्म निराळे. टर्बो ४०० आणि सी-६ मध्ये इंजिनाच्या निर्वाताने चालणारा मॉड्युलेटर असतो. त्याचा पडदा फाटला की गिअरबॉक्सचे तेल इंजिन ओढून घेते, धुराड्यातून पांढरा धूर येतो आणि जमिनीवर एक थेंबही न सांडता पातळी घटत जाते. जनरल मोटर्सच्या ७००आर४ मध्ये थ्रॉटलपासून जाणारी केबल चुकीच्या मापाने बसवली, तर दाब अपुरा राहून चकत्या थोड्याच दिवसांत जळतात. कार्बोरेटर बदलून केबल तशीच सोडणाऱ्यांनी किती गिअरबॉक्स या मार्गाने गमावले असतील, याचा विचार करून मन विषण्ण होते.

ताशी ७०-८० किलोमीटर वेगात, हलक्या थ्रॉटलवर जाणवणारी थरथर इंजिनाची की कन्व्हर्टरची, हे ठरवण्यास ब्रेकच्या पेडलवर डावा पाय अलगद टेकवणे पुरे. त्या स्पर्शाने लॉक-अप सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली तर ती कन्व्हर्टर क्लचची, न थांबली तर स्पार्क प्लगकडे वळावे. चौथ्या गिअरनंतर जाणवणारा ‘पाचवा’ हा लॉक-अपच असतो. थांबताना किंवा निघताना येणारा खटका तर पुष्कळदा गिअरबॉक्सचा नसून मागच्या शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटचा असतो.

हे सर्व करूनही संशय आतच राहिला, तर शेवटचा साक्षीदार दाबाचा काटा. गिअरबॉक्सच्या अंगावरील ठरलेल्या छिद्रात तो बसवून प्रत्येक गिअरमधील दाब पुस्तिकेतील आकड्यांशी ताडावा. ब्रेक दाबून थ्रॉटल पूर्ण देण्याची स्टॉल परीक्षा काही जण सुचवतात. पण तीत पाच सेकंदांहून अधिक वेळ घालवणे धोक्याचे, आणि थकलेल्या यंत्रावर ती टाळणेच मला इष्ट वाटते. सर्व गिअरांत दाब कमी आला तर पंप, फिल्टर किंवा दाबनियंत्रक यांचा शोध घ्यावा. दाब पुरेसा असूनही एकच गिअर घसरत असेल, तर तो क्लच संपला हे मान्य करून उघडण्याचा हुकूम द्यावा. आणि उघडल्यावर, नवा किंवा दुरुस्त गिअरबॉक्स चढवण्यापूर्वी, कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन त्यांतून तेलाचा प्रवाह मोकळा वाहतो हे मोजून पाहावे, अथवा कूलरच बदलावा. जुन्या चकत्यांचा चुरा तेथे दडलेला राहिला, तर पहिल्याच मोठ्या चढावर तो नव्या व्हॉल्व्ह बॉडीत येऊन पोहोचतो.