होडीला जुनें यंत्र घेतांना अश्वशक्ति किती असावी

ज्या खातेदारांच्या जमिनी धरणाच्या फुगवट्याला लागून आहेत, त्यांना होडी ही बैलगाडीइतकीच गरजेची वस्तु झाली आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि करमाळा व इंदापूर या तालुक्यांतील कित्येक गांवें समोरासमोर दिसत असूनहि रस्त्यानें दूर पडलीं. कांठावरच्या पंपाकडे जाणें, पाणी ओसरेल तसतसा पाइप पुढें सरकविणें, खताच्या गोणी पैलतीरीं नेणें, हीं कामें वल्ह्यानें होतात. परंतु उन्हाळ्यांत दुपारनंतर वारा सुटला म्हणजे वल्हें मारणाराची दमछाक होते. मग होडीच्या मागच्या फळीवर पेंचांनीं आवळून बसविण्याचें यंत्र, ज्याला आउटबोर्ड म्हणतात, तें घ्यावें असें मनांत येतें. नवें महाग पडतें म्हणून जुनें पाहिलें जातें. आणि जुनें घेणारा बहुधा किंमत आधीं विचारतो व माप मागाहून. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे.

यंत्र जितकें मोठें तितकी होडी वेगवान, अशी सर्वसाधारण समजूत असते. ओझ्याच्या होडीस ती लागू पडत नाहीं. लांकडी, खोल बुडाची, भरलेली होडी पाणी कापून चालते आणि चालतांना स्वतःच्याच लाटेंत अडकते. तिच्या वेगाची सीमा तिच्या लांबीनें ठरलेली असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्यास १.३४ नें गुणावें. येणारा आंकडा म्हणजे ताशी सागरी मैल. सोळा फुटी होडीचें वर्गमूळ ४, गुणाकार ५.३६, म्हणजे ताशीं सुमारें १० किलोमीटर. या होडीला ८ अश्वशक्तीचें यंत्र लावा कीं २५ चें लावा, ती याच्या फारशी पुढें जाणार नाहीं. जास्तीची शक्ति पाणी घुसळण्यांत आणि होडीचें ढुंगण खालीं ओढण्यांत खर्च होते. अमेरिकेंत ओले एव्हिनरूड यांनीं १९०९ सालीं जें यंत्र बाजारांत आणलें तें अवघें दीड अश्वशक्तीचें होतें, आणि तेवढ्यावर होड्या चालत.

तेव्हां हिशेब ओझ्यापासून सुरूं करावा. समजा, होडी २०० किलो, चार माणसें २६० किलो, खताच्या तीन गोणी १५० किलो, यंत्र व इंधन ५० किलो. एकूण ६६० किलो. अशा मंद चालीच्या होडीस दर २०० ते २५० किलो वजनास एक अश्वशक्ति हें प्रमाण शांत पाण्यांत पुरतें. म्हणजे तीन अश्वशक्ति. पण शांत पाणी पाहून यंत्र घेणें म्हणजे पाऊस न पडण्याच्या भरंवशावर घर शाकारणें होय. समोरचा वारा, लाटा आणि जुन्या यंत्राची झीज या तिहींसाठीं आम्ही हा आंकडा दुप्पट धरितों, व त्यावरचें बाजारांत मिळणारें माप घेतों. या उदाहरणांत तें ८ येतें. वाचकांनीं आपापल्या होडीचा असा ताळेबंद कागदावर मांडावा. गोणी मोजतांना उदारपणा करावा, माणसें मोजतांना त्याहून अधिक, कारण पैलतीरीं निघालेल्या होडींत ‘मीहि येतों’ म्हणणारा नेहमींच भेटतो.

सपाट बुडाची हलकी फायबरची होडी मात्र निराळी. ती पुरेशी शक्ति मिळाल्यास पाण्यावर उचलली जाऊन घसरत धांवते. परंतु त्यासाठीं दर २५ किलोस एक अश्वशक्ति लागते. वरील ६६० किलोंना २६ अश्वशक्ति झाली. शर्यतीचा बैल ओझ्याच्या गाडीस जुंपूं नये हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

जास्त मोठें यंत्र केवळ खर्चिक असतें तर आम्ही एवढें लिहिलें नसतें. तें धोक्याचेंहि असतें. दोन टप्प्यांचें, म्हणजे पेट्रोलांत तेल मिसळून चालणारें, ८ अश्वशक्तीचें यंत्र २७ किलोंच्या आसपास भरतें. २५ चें सुमारें दुप्पट. हें सर्व वजन होडीच्या अगदीं शेवटच्या फळीवर लोंबतें व चालविणाराहि तेथेंच बसतो. मागचा कांठ पाण्यालगत येतो, आणि वेग एकदम कमी केला कीं मागून येणारी स्वतःचीच लाट आंत शिरते. अमेरिकेंत वीस फुटांहून लहान होड्यांसाठीं याची कमाल मर्यादा ठरविण्याची सरकारी रीत आहे: होडीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत घेऊन गुणावी; गुणाकार ३५ पर्यंत असल्यास ३ अश्वशक्ति, ३६ ते ३९ असल्यास ५, ४० ते ४२ असल्यास साडेसात, ४३ ते ४५ असल्यास १०. बूड सपाट असल्यास एक पायरी खालीं उतरावें. बारा फूट लांब व साडेतीन फूट रुंद होडीचा गुणाकार ४२. सपाट बुडाच्या अशा होडीस पांचाच्या वर यंत्र नको. ही वरची मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

सन २०२४ च्या मे महिन्यांत उजनीच्या जलाशयांत कुगांव व कळाशी यांच्या दरम्यान प्रवाशांची होडी वादळी वाऱ्यांत उलटून सहा माणसें बुडालीं. होडी सरळ ठेवण्याचें काम यंत्र करीत नाहीं. तें काम होडीची रुंदी, खालीं बसलेलें ओझें आणि पाण्यावर राहिलेला कांठ करितात. म्हणून यंत्राच्या किंमतींतून जे रुपये वांचतील त्यांतून प्रत्येक माणसास अंगावर बांधण्याचें तरंगतें जाकीट आधीं घ्यावें, आणि आभाळ भरलें असतां यंत्र कितीहि चांगलें असलें तरी निघूं नये.

अश्वशक्तीनंतर दांड्याची लांबी. दांडा बहुधा १५ किंवा २० इंची फळीच्या मापाचा असतो. आपल्या फळीची उंची मध्यभागीं मोजून न्यावी. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या पातळींत, फार तर इंचभर खालीं यावी. दांडा आंखूड पडल्यास पंखा हवा ओढतो व यंत्र नुसतें ओरडतें; लांब पडल्यास उथळ पाण्यांत पंखा दगडावर आपटतो. फुगवट्याखालीं जुन्या गांवठाणांच्या भिंती, विहिरींचे कठडे व झाडांचे बुंधे आहेत, हें उन्हाळ्यांत विसरूं नये.

खर्चाचें थोडक्यांत सांगावयाचें तर पूर्ण जोरावर दोन टप्प्यांचें ८ चें यंत्र ताशीं सुमारें चार लिटर पेट्रोल खातें, १५ चें सात-साडेसात. चार टप्प्यांचें कमी खातें, पण जड असतें व किंमतहि अधिक. तेलाचें प्रमाण पुष्कळ यंत्रांस पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. फार जुन्यांस पंचविसास एक. विकणाराच्या तोंडी सांगण्यावर न जातां त्या यंत्राच्या पुस्तकांत पाहावें.

आतां प्रत्यक्ष पाहणी. यंत्र पाहावयास गेल्यावर प्रथम त्यास हात लावावा. गरम असल्यास विकणारानें तें आधींच चालवून ठेविलें आहे. तें निवेपर्यंत बसावें व मगच दोरी ओढावयास लावावी. थंड यंत्र दोन-चार ओढींत सुरूं व्हावें. पंखा पाण्यांत किंवा भरल्या पिंपांत असल्याखेरीज सुरूं करूं देऊं नये, कारण थंडाव्याचें पाणी चढविणारें रबरी चक्र कोरडें फिरल्यास लगेच जळतें. सुरूं होतांच मागील छिद्रांतून पाण्याची बारीक धार अखंड पडली पाहिजे. नंतर खालच्या दांतेचक्रांच्या पेटीचा पेंच सैल करून चार थेंब तेल काढावें. दुधासारखें पांढुरकें असल्यास आंत पाणी शिरलें आहे. दोन सिलिंडर असल्यास दोहोंचा दाब मिस्त्र्याकडून मोजवावा. दोहोंत दहा टक्क्यांहून अधिक फरक असल्यास सौदा सोडावा. समुद्रावर चाललेलें यंत्र असल्यास क्षारानें खाल्लेले पेंच व जस्ताचा तुकडा पाहावा.

शेवटीं पूर्ण ओझें घालून होडी चालवावी. कांठावर ३३ फुटी साखळीच्या दहा साखळ्या, म्हणजे सुमारें १०० मीटर, मोजून दोन काठ्या रोवाव्या. वरील सोळा फुटी होडीनें हें अंतर ३६ सेकंदांच्या आसपास कापल्यास यंत्र पुरेसें आहे. पन्नास लागल्यास यंत्र थकलेलें आहे किंवा पंख्याची पीळ ओझ्याच्या कामाची नाहीं. कमी पिळाचा पंखा लावून पुन्हां पाहावें. पंखा बदलणें यंत्र बदलण्याहून पुष्कळ स्वस्त.

कागदांविषयीं आमचा आग्रह जुन्या संवयीचा आहे, तरी तो ऐकावा. झांकणावरील आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. कित्येक कंपन्यांचीं ९.९ व १५ अश्वशक्तीचीं यंत्रें एकाच सांच्याचीं असतात व झांकण बदलणें पांच मिनिटांचें काम आहे. पेंचाच्या कड्यावरील पट्टीचा नंबर उतरून घ्यावा, तो मूळ पावतीशीं ताडावा आणि विक्रीचा लेख त्याच नंबरानें करून घ्यावा. पट्टी खरवडलेली असल्यास यंत्र चोरीचें समजून घरीं यावें. यंत्र लागलें कीं होडी यंत्रचलित ठरते. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय नौकांचा कायदा आला आहे, सबब नोंदणीची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे व जलाशयापुरती पाटबंधारे खात्याकडे यंत्र घेण्यापूर्वींच करावी. जुनीं वल्हीं मात्र विकूं नयेत. तीं होडींतच बांधून ठेवावीं.