जहाजावरची साथ आणि गावातला आकडा

नगर जिल्ह्यातील शिक्षकांसमोर साथीच्या रोगांविषयी बोलताना आम्ही जहाजांची उदाहरणे दिली, तेव्हा एका गुरुजींनी रास्त शंका काढली. "आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. मुलांनी जहाज फक्त चित्रात पाहिलेले. मग कोरोनाचा धडा जहाजावरून कशाला शिकवायचा?"

याचे उत्तर सोपे आहे. रसायनशास्त्र शिकवताना आपण परीक्षानळी घेतो, कारण तिच्यात काय घातले आणि काय तयार झाले हे नेमके कळते. साथीच्या बाबतीत प्रवासी जहाज ही अशीच एक परीक्षानळी आहे. गावात रोज माणसे येतात-जातात. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, पुण्यात शिकणारी मुले यांना कोणत्या गावात मोजायचे, हाच प्रश्न पडतो. जहाजावर किती माणसे आहेत हे मात्र यादीवरून अचूक सांगता येते. अपूर्णांकाच्या भाषेत बोलायचे तर तेथे छेद पक्का असतो. अंश कसा ठरतो, एवढेच पाहायचे उरते.

न दिसणारे रुग्ण

'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज २० जानेवारी २०२० रोजी जपानमधील योकोहामा बंदरातून निघाले. त्यातील एक प्रवासी २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरला. त्याला कोरोनाची लागण झाल्याचे १ फेब्रुवारीला निश्चित झाले. जहाज ३ फेब्रुवारीला योकोहामाला परतले आणि ५ तारखेपासून प्रवाशांना आपापल्या खोल्यांत थांबवण्यात आले. मधल्या दिवसांत एकत्र जेवणे आणि करमणुकीचे कार्यक्रम चालूच होते.

जहाजावर एकूण ३,७११ माणसे होती : २,६६६ प्रवासी आणि १,०४५ कर्मचारी. कर्मचाऱ्यांत १३२ भारतीय होते. प्रवासी खोल्यांत बसले तरी त्यांना जेवण पोचवणे भागच होते, त्यामुळे कर्मचाऱ्यांचे काम थांबले नाही. ९ फेब्रुवारीपर्यंत लागण सिद्ध झालेल्या २० कर्मचाऱ्यांपैकी १५ जण खानपान विभागातले होते.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला ताप-खोकला असलेल्यांची आणि त्यांच्या निकट संपर्कातील लोकांची तपासणी झाली. पुढे ती जवळजवळ सर्वांची करण्यात आली. २० फेब्रुवारीपर्यंत सुमारे तीन हजार चाचण्यांत ६३४ जणांना लागण झाल्याचे आढळले. त्यांपैकी ३२८ जणांना, म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिकांना, तपासणीच्या वेळी कोणतेच लक्षण नव्हते! त्यांतील काहींना लक्षणे नंतर दिसली, काहींना दिसलीच नाहीत. फक्त खोकणाऱ्यांनाच तपासले असते तर अंश निम्म्यावर आला असता आणि उरलेले निम्मे नकळत रोग पसरवत राहिले असते. अखेरीस हा आकडा ७१२ वर, म्हणजे एकूण माणसांच्या सुमारे १९ टक्क्यांवर गेला.

मुंबई-गोवा फेरी

दुसरे उदाहरण आपल्या किनाऱ्यावरचे आहे. जानेवारी २०२२ च्या आरंभी 'कॉर्डेलिया' हे प्रवासी जहाज सुमारे दोन हजार माणसांना घेऊन मुंबईहून गोव्याला गेले. एका कर्मचाऱ्याला लागण झाल्याचे कळताच गोवा सरकारने मुरगाव येथे जहाजावरील सर्वांची तपासणी करवली. ३ जानेवारीला ६६ जणांना लागण झाल्याचे जाहीर झाले. जहाज मुंबईला परतले, तेथे उरलेल्यांची पुन्हा तपासणी झाली आणि आणखी शंभराहून अधिक जण बाधित निघाले.

मग पहिला आकडा खोटा होता काय? नाही. लागण झाल्यावर विषाणूंची संख्या चाचणीत सापडण्याइतकी वाढायला एक-दोन दिवस लागतात. त्या अवधीत तपासलेला माणूस 'निरोगी' ठरतो. शिवाय दोन तपासण्यांच्या मधल्या काळात नवी लागणही होते. म्हणून साथीतला कोणताही आकडा म्हणजे चालत्या गाडीचे छायाचित्र. ते कोणत्या दिवशी, किती जणांना तपासून काढले, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

खरे बोलण्याची किंमत

जहाजावरचा आजार कळवण्याची पद्धत जुनी आहे. बंदरात शिरताना जहाज पिवळा झेंडा लावते. पूर्वी पिवळ्या झेंड्याचा संबंध साथीशी जोडला जाई. आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत मात्र त्याचा अर्थ उलट आहे : 'माझे जहाज निरोगी आहे, प्रवेशाची परवानगी द्यावी.' जेथे मागितले जाईल तेथे कप्तान आरोग्याचे घोषणापत्रही भरून देतो. प्रवासात अपघाताखेरीज कोणी दगावले काय? संसर्गाचा संशय असलेले कोणी आहे काय? आजाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा जास्त आहे काय? असे प्रश्न त्यात असतात.

सारी भिस्त खरे सांगण्यावर आहे आणि खरे सांगणारा तोट्यात जाण्याची शक्यता आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये 'वेस्टरडॅम' या जहाजावर एकही रुग्ण सिद्ध झालेला नव्हता. तरी केवळ भीतीपोटी जपान, तैवान, फिलिपिन्स, ग्वाम आणि थायलंड यांनी त्याला नकार दिला. शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाने त्याला थारा दिला. रुग्ण नसलेल्या जहाजाची ही गत, तर 'आमच्याकडे दहा आजारी आहेत' असे सांगायला कोणता कप्तान उत्सुक असेल?

प्रवाशाचेही तसेच. पैसे भरून झालेले, रजा मिळालेली आणि निघण्याच्या आदल्या दिवशी घसा दुखू लागला. प्रवास ऐनवेळी रद्द केला तर पैसे बुडतात. मग माणूस गोळी घेतो आणि जहाजावर चढतो. मार्च २०२० मध्ये 'रॉयल कॅरिबियन'सारख्या कंपन्यांनी निघण्यापूर्वी ४८ तासांपर्यंत प्रवास रद्द करण्याची मुभा दिली आणि ते पैसे पुढच्या सफरीसाठी जमा धरले. हा व्यापारी निर्णय होता हे खरे. पण आजार लपवण्याचे एक कारण त्याने कमी केले, म्हणून तो आरोग्याचाही उपाय ठरतो.

दुसरा मार्ग म्हणजे सर्वांना सारखाच नियम लावून आकडे उघड करणे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या कक्षेतील प्रत्येक प्रवासी जहाजाला कोरोनाच्या स्थितीनुसार हिरवा, नारिंगी, पिवळा, तांबडा असा रंग देऊन तो जाहीर करण्याची पद्धत ठेवली होती. जुलै २०२२ मध्ये ती बंद झाली. सगळ्यांचेच आकडे उघड असले की सांगणारा एकटा पडत नाही.

नगर जिल्ह्यातील ६१ गावे

आता समुद्रावरून घरी येऊ. रद्द होणे आपल्या जिल्ह्यालाही नवे नव्हते. शिर्डीचे साईमंदिर १७ मार्च २०२० रोजी दर्शनासाठी बंद झाले. मध्ये काही महिने उघडून पुन्हा बंद झालेले हे मंदिर ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. त्याच आठवड्यात जिल्ह्यातील ६१ गावांत ४ ते १३ ऑक्टोबर अशी टाळेबंदी चालू होती. ज्या गावांत दहाहून अधिक रुग्ण उपचाराखाली होते, ती गावे या यादीत आली.

संसर्ग थोपवायला अशा निर्णयाची गरज पडू शकते. पण विज्ञानाचे शिक्षक म्हणून आपण त्या निकषाकडे पाहावे. 'दहा रुग्ण' हा अंश झाला, छेद कोठे आहे? हजार वस्तीच्या गावात दहा म्हणजे एक टक्का. वीस हजारांच्या गावात तेच दहा म्हणजे वीसशे टक्के नव्हे, तर टक्क्याचा विसावा भाग. दुसरे असे की, जे गाव जास्त तपासण्या करील त्याचे रुग्ण जास्त सापडतील आणि बंदही तेच होईल. तपासणी टाळणाऱ्या गावाची दुकाने चालू राहतील. एखाद्या गावाने तसे केले असे आम्ही म्हणत नाही. निकषच असा असला की टाळण्याचा मोह कोणालाही होईल, एवढेच आमचे म्हणणे आहे. रुग्णसंख्येबरोबर लोकसंख्या आणि 'शंभर तपासण्यांत किती बाधित' हे दोन आकडे दिले, आणि बंद गावातील रोजंदारीच्या माणसाला आधार दिला, तर हा मोह कमी होतो.

वर्गात करून पाहा

शंभर चिंचोके घ्या. वीस चिंचोक्यांच्या खालच्या बाजूस खडूने ठिपका द्या. त्यांपैकी दहांच्या वरच्या बाजूसही ठिपका द्या. ठिपके नीट वर-खाली येतील असे सर्व चिंचोके मांडून मुलांना विचारा, 'आजारी किती?' मुले दहा म्हणतील. मग सगळे चिंचोके उलटायला सांगा. वीस निघतील. नंतर पुन्हा पहिल्यासारखे मांडून, वरचे ठिपके वहीने झाकून, न निवडता कोणतेही २५ उलटायला लावा. पाचाच्या आसपास उत्तर येईल. चिंचोके तेच असताना दहा, वीस आणि पाच ही तिन्ही उत्तरे कशी आली, याची चर्चा मुलांनाच करू द्या.

शेवटी एक प्रश्न आपल्या शाळेविषयी. शंभर टक्के हजेरी लावणाऱ्या मुलाला आपण बक्षीस देतो. अंगात ताप असताना ते मूल काय करील? गप्प बसेल आणि शाळेत येईल. त्याच्या बाकावरची आणखी दोन मुले आठवड्याभरात आजारी पडतील आणि आपण म्हणू, 'हवा बदलली.' 'बाई, मला बरे नाही' असे सांगणाऱ्या मुलाचे काहीही बुडणार नाही, एवढी हमी वर्गात दिली, तर जहाजांना आणि सरकारांना जे अवघड गेले ते आपल्या शाळेपुरते साधेल.